दाव्यांच्या खुंटीवरची फ्लॉपी

मी फ्लॉपी बोलतेय. हसू नका. वीतभर काळा चौकोन, पापडासारखी वाकणारी, मधोमध भोक. एवढीच मी. पण बंद पडलेलं एक यंत्र मी उठवलंय, तेव्हा जरा नीट बसून ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते धुळ्याजवळच्या एका खेड्यात, अभिमनच्या बियाण्यांच्या दुकानात. त्याने हौसेने संगणक घेतला आणि त्याच्यासोबत मी आले. माझ्या पोटात त्या यंत्राच्या मूळ फायली होत्या. झोपेतून उठल्यावर आपण कोण, कुठे, हे माणसाला आठवतं ना, तसं यंत्राला आठवून देणाऱ्या. त्या एकदा त्याच्यात उतरवल्या आणि माझी गरज संपली. संगणकाच्या डब्याला मखमली झाकण, दसऱ्याला झेंडूचा हार, आणि माझ्यावर चहाचा कप! गाडं चालतंय तोवर वंगणाची आठवण कोणाला होते?

पुढे दुकान बंद पडलं. संगणक घ्यायला जळगावहून द्रौपदाबाई आली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत एकटीने अक्षरं शिकलेली बाई. नवरा गुलाब भुसावळला रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा मजूर, होता आणि बुद्धविहारातल्या गायन पार्टीचा गायकही. गाणी स्वतः रचायचा, पण सगळी तोंडातच. लिहिणं त्याला जमलं नाही. आता त्याचा घसा दिवसेंदिवस बसत चालला होता. घसा पुरता मिटायच्या आत त्याने म्हणायचं आणि तिने टाईप करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

अभिमन मलाही पिशवीत घालणार, तेवढ्यात त्याची आई भागाबाई कडाडली, "जनावर दे, दावं देवू नको! लक्ष्मी दाव्यासंगे जास."

त्यांच्या घराची रीतच तशी. बैल विकला तरी त्याचं दावं घरातच ठेवायचं, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. अभिमन म्हणाला, "आई, ते बैल नाही गं." पण भागाबाईपुढे कोणाचं चाललंय? तिने मला कापडी पिशवीत घातलं आणि मधल्या खोलीत, विकलेल्या बैलांच्या दाव्यांशेजारी खुंटीवर टांगलं. डबा गेला, मी राहिले.

राग आला होता मला, खोटं कशाला सांगू? पण दाव्यांच्या सोबतीने तो हळूहळू निवळला. ती बिचारी तर मानेविना राहिली होती.

दोन उन्हाळे गेले. एक दिवस ओट्यावर आवाज ऐकला, "अक्का, मी जळगावची द्रौपदाबाई. तुमच्याकडून संगणक नेला होता."

भागाबाईने तिला ओट्यावरच बसवलं. पाणी दिलं ते वरून ओतून. मी खुंटीवरून सगळं ऐकत होते.

गुलाब गेला होता. तो जाऊन वर्ष होताना विहारात होणाऱ्या पुण्यानुमोदनाला त्याची शेवटची गाणी पार्टीने म्हणायची होती. ती इतर कोणी ऐकलेलीच नव्हती, फक्त यंत्रात होती. म्हणून द्रौपदाबाईने आधी घर झाडलं आणि त्याच हाताने यंत्रही झाडलं. जी फाईल आपण लिहिली नाही ती कचरा, असा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि पुढे काही हलेना.

"दुरुस्तीवाला मोतीलाल म्हणतो, मावशी, त्याच्या मूळ फायलीच तुम्ही पुसल्या. माझ्या फ्लॉप्यांतल्या फायली नव्या, हा जुना डबा त्यांना ओळखत नाही. याची स्वतःची आणा. नाहीतर सगळं पुसून नव्याने सुरू करावं लागेल." तिचा आवाज जराही हलला नाही. "सगळं पुसलं तर माझा माणूस दुसऱ्यांदा जाईल, अक्का. ती फ्लॉपी द्या."

"दावं कोनी देस का व माय?"

"बैल दाव्याशिवाय चालतो. हे तुमचं जनावर उठतच नाही!"

"मंग मी काय करू?"

भागाबाई हटेना, द्रौपदाबाई उठेना. शेवटी द्रौपदाबाईनेच विचारलं, "आणि बैलच तुमच्या दारात आणला तर? बांधाल की नाही?"

भागाबाईने रीत आठवून पाहिली. दारात आलेला बैल बांधू नये, असं तिच्यात कुठे नव्हतं. "आठे लई ये," ती म्हणाली, "मंग बांधू."

दोन दिवसांनी एसटीतून वरात आली. डबा गोधडीत गुंडाळून द्रौपदाबाईच्या मांडीवर, पडदा मोतीलालच्या. कंडक्टर म्हणाला होता, "मावशी, याचं अर्धं तिकीट लागेल." तर ही म्हणाली, "फाड की. पण मग त्याला खिडकीची जागा दे."

आता पंचाईत झाली. घरात प्लगचा खटका एकच, तोही मधल्या खोलीत, माझ्या खुंटीखाली. भागाबाई उंबऱ्यात उभी राहिली. आत बघितलं, द्रौपदाबाईकडे बघितलं. मग बाजूला सरकली. "ये मझार," म्हणाली, आणि चटई स्वतः अंथरली.

मोतीलालने मला यंत्राच्या खोबणीत सारलं. मी फिरले आणि अंगातून खरखर आवाज आला. दाव्यांवरची गोठ्याची धूळ, दोन पावसाळ्यांची बुरशी! पडदा काळाच राहिला. मी सांगते, तेवढी मी कधीच घाबरले नव्हते. इतकी वर्षं तोऱ्यात मिरवले आणि वेळेला मुकी झाले तर?

मोतीलालने मला बाहेर काढलं, मऊ फडक्याने हलकेच पुसलं, पुन्हा आत घातलं. मी जीव एकवटून फिरले. एक अक्षर उमटलं, मग दुसरं. मोतीलालने दोन-चार आज्ञा टाईप केल्या आणि माझ्या पोटातल्या फायली एकेक करून डब्यात उतरल्या. मग त्याने मला काढून घेतलं आणि खटका बंद करून पुन्हा चालू केला. डबा एकट्याने जागा झाला. ओळखीचा गुरगुरला. गाणी सगळी जागच्या जागी होती.

"काय लिखेल शे यामा?" भागाबाईने विचारलं.

द्रौपदाबाईने चष्मा सारखा केला. वाचायला सुरुवात केली, पण वाचता वाचता तिचं गाणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

"रुळावरनं गाडी जाते, रूळ कुठं जात नाही,
बापानं ठोकला खिळा, अजून हलत नाही."

तिथे मात्र ती थांबली. पदर तोंडाला लावून बसली. भागाबाई जवळ सरकली. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आखो म्हण." द्रौपदाबाईने ओळ पुन्हा म्हटली.

चहा झाला. कपबशा घरातल्याच होत्या. निघताना मोतीलालने कोऱ्या फ्लॉपीवर माझी नक्कल उतरवून दिली. भागाबाईला हे फार आवडलं. "दावं मन्हं," ती म्हणाली, "वासरू तुन्हं. लई जाय."

अशी माझी लेक जळगावला गेली आणि मी पुन्हा खुंटीवर आले.

आता शतक सरत आलंय. अभिमनने ट्रॅक्टर घेतला, गोठा रिकामा आहे. माझ्या मापाची खोबण नव्या संगणकांना नसते म्हणे. कोणी वाचायला घेतलं तरी मी वाचली जाईन की नाही, सांगता येत नाही. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगते, जुनं यंत्र घ्याल तेव्हा त्याच्यासोबत काय आलं होतं ते विचारून घ्या, आणि आपण लिहिलं नाही म्हणून पुसू नका.

आणि मला इथून काढू नका. भागाबाईला आता दिसत नाही. रोज संध्याकाळी ती भिंत चाचपत येते, दावी मोजल्यासारखा हात फिरवते, शेवटी माझ्या पिशवीवर थांबते. आणि गुणगुणते, स्वतःशीच, रूळ कुठं जात नाही.