तेवीस नंबरची फेरपाहणी

वकीलबाईंनी पंचनामा कमलपुढे सरकवला आणि एका ओळीखाली पेन्सिल टेकवली.

"हा अंगठा कुणाचा, ताई?"

कमलने चष्मा पुसला. ज्या कागदाच्या जोरावर गृहनिर्माण मंडळाने तिला अपात्र ठरवलं होतं, तो ती आज पहिल्यांदाच बघत होती. लालबागची चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती, घर मिळणार ते खोलीत राहणाऱ्यांनाच, आणि पाहणीच्या दिवशी तिच्या तेवीस नंबरच्या खोलीत म्हणे एक म्हातारी सापडली. नाव शांता कोंडीराम परब. नातं, सासू. जबाब तिच्याच शब्दांत: 'सून हंय रवना नाय. तीन वर्सां झाली, पान वाढूक नाय.'

"सासूबाईंचा," कमल म्हणाली. "त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

अनुजा वकील हसल्याच. "मग अपील जिंकलं समजा. खोलीत पाऊलही न टाकता ऑफिसात बसून लिहिलंय त्या पाहणी अधिकाऱ्याने."

कमलला हसू येईना. पाहणी अधिकारी नागपूरकडचा, त्याला हे मालवणी सुचणार कुठून? आणि पानाचं तर घरातल्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. दर अवसेला गेलेल्यांसाठी केळीच्या पानावर वाडी, म्हणजे जेवणाचा नैवेद्य वाढायचा, आधी त्यांचं पान आणि मग आपलं, ही शांताबाईंची शिस्त. कमल अँटॉप हिलला लेकाकडे राहायला गेली तेव्हा म्हणाली, एखाद्या अवसेला राहिलं तर काय बिघडतंय. राहिलं ते तीन वर्षं राहिलं. म्हातारीने परक्या माणसाला सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि कमलला आधी त्याचीच लाज वाटली. भीती नंतर वाटली.

न्यायाधिकरणात मृत्यूचा दाखला पुढे आला आणि मंडळाचा निर्णय रद्द झाला. पण खोली काही पदरात पडली नाही. महिन्याभरात फेरपाहणी करा, असा आदेश निघाला.

"त्या दिवशी तुम्ही तिथे राहताना दिसल्या पाहिजेत," अनुजा वकिलांनी बजावलं. "नाहीतर हायकोर्टात सांगायलाही माझ्याकडे काही उरणार नाही. खोली गेली."

कमल त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन तेवीस नंबरमध्ये राहायला आली. अवसेला वडे केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली, कोपऱ्यात पान वाढलं. "चुकलं माझं, आई," ती मोठ्याने म्हणाली आणि आपलं ताट घेऊन जरा लांब बसली. सकाळी शेजारच्या सुचित्राने विचारलं, "काल कुणाशी बोलत होतीस गं?" कमलने टीव्हीवर ढकललं. खोलीत टीव्ही नव्हता.

फेरपाहणीला तोच अधिकारी आला. दारात थबकला, न सांगता चपला काढल्या.

"घरात माणसं किती?"

वकीलबाईंनी पढवलेलं उत्तर एक होतं. कमलने कोपऱ्याकडे पाहिलं.

"दोन."

"दुसरं नाव आहे माझ्याकडे," तो मान वर न करता म्हणाला. त्याने शाईचं पॅड उघडलं, कोपऱ्याच्या बाजूला सरकवलं आणि तिकडे वळून अदबीने विचारलं, "आजी, सून राहते ना इथे?"

कमलला काहीच ऐकू आलं नाही. तो मात्र मान डोलावत ऐकत होता, मग लिहू लागला. तिने समोरूनच उलटी अक्षरं वाचली.

'सून हंय रवता. पान वाढता. मीठ मात्र कमी घालता.'