तिखट लागली का, पोरी?

"बेबीबाई, तुमची मिरची कधी चुकली का हो?"

विचारलं एकदाचं! तृप्तीची छातीच होणार नाही, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी, रीता आणि रत्नमालेनं, लावली होती. पण दहावीतली ही पोरगी गेल्याच महिन्यात शाळेच्या भाषणस्पर्धेत पहिली आलेली, ती आता कोणाच्या बापाला भिते! रविवार होता. कोंढा गावच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवून खुडायच्या आवारात, लाल ढिगाभोवती बसून बायका वाळत्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. प्रश्न ऐकला आणि सगळ्यांचे हात थांबले. गावात साप चावला की माणूस आधी बेबीबाईकडे यायचा. ती त्याला लाल मिरची चावायला द्यायची. तिखट लागली तर विष नाही, जा घरी. मातीसारखी लागली तर विष चढलं, पळा दवाखान्यात.

बेबीबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला. "मिरची नाही चुकत व पोरी. मानूसच खोटं सांगते."

बायका खदखदून हसल्या. तृप्तीनं रीताकडे पाहून भुवई उडवली आणि मोठ्या तोऱ्यात रिकामं पोतं आणायला उठली. थप्पीतलं खालचं पोतं तिनं ओढलं, तोच मनगटाजवळ सुई टोचल्यासारखं झालं. एक काळपट शेपटी सळकन भिंतीच्या भोकात शिरली.

"साप! साप व माय!" रत्नमाला किंचाळली.

मनगटावर दोन बारीक ठिपके होते. कोणीतरी तृप्तीला धरून खाली बसवलं. बेबीबाईनं ढिगातलीच एक मिरची उचलून तिच्या दातांत दिली.

"चाव. बियांसकट. आता सांग, तिखट लागली का, पोरी?"

तृप्तीनं चावली, आणि तिला काही कळेचना. सकाळपासून मिरचीची धूळ नाकातोंडात जात होती. ओठ, जीभ, घसा, सगळं आधीच पेटलेलं. ही आग आत्ताची की मघाची? घाबरून तिनं डोळे पुसले, तेही चार तास देठं खुडलेल्या हातांनीच! डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाय व, पानी आलं डोळ्याले!" एक बाई ओरडली.

"बोल न व लवकर!" रीताचा आवाज रडवेला झाला होता.

वीस-बावीस चेहरे तिच्याकडे बघत होते. एवढ्यांसमोर 'मले समजून नाही राहिलं' कसं म्हणायचं?

"लागली," तृप्ती म्हणाली.

"वाचली व पोरगी! धामण असन." कोणीतरी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. रीतानं तिला घरी पोचवलं आणि अंगणातूनच बातमी दिली, "काकू, काई नाही झालं, मिरची तिखट लागली!"

आई सुलोचनाबाईनं मीठ-मोहरी ओवाळली. बाबा जागेश्वर नांगराचा फाळ घासत होते, ते म्हणाले, "बेबीबाईनं पायलं न? मंग झालं."

झालं! सगळ्यांचं झालं. तृप्ती मात्र खाटेवर पडून स्वतःवर पहारा देत होती. हात फुगला का? थोडा. की आधीपासूनच असा होता? छातीत धडधडतंय ते विषानं की भीतीनं? प्रत्येक मिनिटाला तिला वाटत होतं, आता सांगू, आता सांगू. पण सांगितलं तर सातराभर हसतील. रीता तर वर्षभर चिडवेल.

मग छतावरचा पंखा तिला दोन दिसायला लागला.

तिनं डोळे ताणले. पापण्या वर जाईनात, जणू कोणी वरून बोटं ठेवून दाबत होतं. तिनं मोबाईलच्या कॅमेऱ्यात तोंड पाहिलं. डावा डोळा अर्धा मिटलेला होता, आणि तो तिनं मिटलेला नव्हता.

"आई..." जीभ जाड झाली होती. "आई, मले डोळे उघडता नाही येऊन राहिले."

"भेली तू बाई. झोप आली असन. झोप उलीशीक."

"झोपली तं उठनार नाही मी!" ती एवढ्या जोरानं ओरडली की बाबांच्या हातातला फाळ खाली पडला. "मी खोटं सांगतलं. तोंड पयलेच जळून राहिलं होतं. मिरची लागली का नाही, मले मालूमच नाही!"

आईचा हात तोंडावर गेला. बाबा उठले, दारापर्यंत गेले, थांबले. "आधी बेबीबाईले बलावतो. पुन्हा एकदा मिरची देऊन पायते थे. तिले न इचारता गेलो तं..."

तृप्ती भिंतीला धरून उभी राहिली. तिनं चावलेला हात छातीशी धरला आणि एक-एक शब्द नीट जुळवून म्हणाली,

"आता एकही मिरची नाही खात मी. मी अड्याळच्या दवाखान्यात चालली, सापाचं इंजेक्शन घ्याले. बाबा, गाडी काढा. नाही काढली, तं तुलारामकाकाच्या ऑटोत जातो. पन जातो, आत्ताच."