लिलावाच्या रांगेतली लाल गाडी

मी एक जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार आहे. जुनी आहे हे मी स्वतःच आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्या रंगाचे पोपडे शोधत बसायची तुम्हाला गरज नाही. आणि मित्रांनो, माझ्या अंगाला कांद्याचा वास येतो, हेही आताच सांगते. माझ्यात बसणाऱ्याच्या डोळ्यांना आधी पाणी येते आणि मग वारा लागतो.

आज २००८ सालच्या थंडीतला एक रविवार आहे. नाशिकला गंगापूर धरणाच्या काठी आम्हा हौशी गाड्यांचा मेळावा भरला आहे. आम्ही गाड्या एका ओळीत उभ्या आहोत आणि मालक मंडळी चहाचे कप घेऊन आपापल्या गाडीची सगळ्यात लक्षात राहिलेली आठवण सांगत आहेत. एकाने कसारा घाटात कुणाला मागे टाकले, दुसऱ्याने पुण्याचा रस्ता कसा चुटकीसरशी कापला. सगळ्या आठवणी वेगाच्या. गाड्यांना मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मी माझी आठवण तुम्हालाच सांगते. तिच्यात मी बराच वेळ जागची हललेसुद्धा नव्हते.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा ठोकण्याचा आवाज नसायचा, कारण माझे अंग पत्र्याचे नाहीच, फायबरचे आहे. उंची इतकी कमी की शेजारून म्हैस गेली तर मला तिचे पोट दिसते. डोक्यावर एक कापडी टप होता, पण पाऊस आला की तो थोडे पाणी बाहेर टाकायचा आणि बाकीचे माझ्या मालकाच्या मांडीवर.

माझा मालक रंगनाथ. नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळ त्याचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान होते. दुकानाच्या एका भिंतीवर गणपती आणि समोरच्या भिंतीवर परदेशी स्पोर्ट्‌स कारची चित्रे. उदबत्ती ओवाळताना त्याचा हात हळूच दुसऱ्या भिंतीकडेही फिरायचा. कितीतरी वर्षे पैसे साठवून १९९९ साली त्याने मला घेतले. घाट चढताना तो मोठमोठ्याने गात होता आणि फारच बेसूर गात होता. मला ते गाणे अजून आवडते.

नाशिकच्या त्याच्या गल्लीत मला उभे राहायला जागा नव्हती. म्हणून त्याने मला लासलगावजवळच्या आपल्या मळ्यात नेले आणि कांद्याच्या चाळीत उभे केले. चाळ म्हणजे कांदे साठवायची लांबलचक खोली, वारा खेळता राहावा म्हणून लाकडी पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेली. दर रविवारी रंगनाथ यायचा, मला पुसायचा, एक चक्कर मारून आणायचा. एरवी माझ्या सोबतीला कांदे असायचे. कांदे फारसे बोलत नाहीत, पण त्यांचा सहवास अंगाला लागतो.

मी आले त्या दिवशी रंगनाथच्या आईने, कुसाबाईने, माझी पूजा केली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. पहिल्यांदा बसली तीही कुसाबाईच. पदराचे टोक दातात धरून ती शेजारच्या विंचूर गावापर्यंत जाऊन आली आणि मळ्यातल्या बायकांना पुढे आठवडाभर सांगत राहिली, की बाई गं, पोटात गुदगुल्या होतात.

मग रंगनाथने वडिलांना बोलावले. सावळीराम आबा म्हणजे उंचापुरा माणूस, धोतर, डोक्याला फेटा. घराबाहेर त्यांचे उघडे डोके कुणी पाहिलेले नव्हते. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले, बोटाने माझ्या दारावर टकटक केली आणि वाकून आत पाहिले.

"जिमिनीवर बसायला आपल्याकडं घोंगडी हाय," ते म्हणाले. "आन ही प्लास्टिकची बादली काय कामाची?"

झाले. त्या दिवसापासून माझे नाव बादली पडले. बादली बाजूला घे. बादलीवर पोते टाकू नका. आबांनी तर सगळ्या लासलगावात सांगून ठेवले, की पोराने बादली आणली आहे, कुणाला हवी असेल तर बोला. रंगनाथ हसून घ्यायचा, पण त्याचा चेहरा उतरायचा. प्रत्येक रविवारी तो विचारायचा, आबा, येता का? आबा म्हणायचे, मला कामं आहेत.

मित्रांनो, मी थोडी गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. तरी खरे सांगते, मला शर्यती जिंकायच्या नव्हत्या. माझी एकच इच्छा होती. या हट्टी म्हाताऱ्याने एकदा माझ्यात बसावे. एका दुपारी चिमणीने माझ्या बॉनेटवर घाण केली, तेव्हा आबांनी इकडेतिकडे पाहिले आणि खांद्यावरच्या उपरण्याने ती पुसून काढली. तेव्हापासून मला आशा होती.

पण २००४ साली उन्हाळ कांदा एवढा पिकला की वावरात ठेवायला जागा राहिली नाही. थोडा बाजारात जायचा होता, बाकीचा चाळीत. चाळीतला एक कोपरा मी अडवून बसलेली. एका संध्याकाळी आबा रंगनाथला म्हणाले, की चाळ भरायच्या आत हिचे गिऱ्हाईक बघ. रंगनाथने वाद घातला नाही. वडिलांपुढे त्याने कधी वाद घातलाच नव्हता. त्याने नाशिकला एक गिऱ्हाईक पाहिले आणि बाजाराच्या दिवशी मला घेऊन येतो असे त्याला कळवले. त्या रात्री त्याने मला पुसले नाही. फडके हातात धरून तो नुसता माझ्यात बसून राहिला. मला फार वाईट वाटले.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही बरोबरच निघालो. पुढे आबा ट्रॅक्टर चालवत, मागे कांद्याने भरलेली ट्रॉली, तिच्या मागे मी आणि रंगनाथ. कुसाबाईने नाशिकच्या पाहुण्यांसाठी पाटीभर कांदे माझ्या डाव्या सीटवर ठेवले होते. बाजार समितीचे फाटक जवळ आले आणि ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले. आत तर रांगा लागायला सुरुवात झालेली. उशीर झाला की वाहन शेपटाला लागते आणि तिथवर लिलाव पोहोचेपर्यंत दिवस कलतो.

आबांनी रांगेकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काम सांगितले. रंगनाथला म्हणाले, तुझी बादली लाव लायनीत आणि जागा धर.

अशी मी लिलावाच्या रांगेत उभी राहिले. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आणि मध्ये मी, कुणाच्या तरी ट्रॉलीतून टपकणारे कांदे बॉनेटवर झेलत. लोक बघायला जमले. एका शेतकऱ्याने तर मला ट्रॉलीचे पिल्लू म्हटले. मी मान ताठ ठेवली होती. रंगनाथ मला मागोमाग चालत आलेल्या आबांच्या ताब्यात देऊन चाकाकडे पळाला.

इथल्या लिलावाची रीत सोपी आहे. व्यापारी रांगेने येतात, माल हातात घेऊन दाबून बघतात आणि बोली चढत जाते. भाव पटला तर शेतकरी दिला म्हणतो. नाही पटला तर नाही म्हणतो, पण मग जागा सोडून वाहन रांगेतून काढावे लागते आणि विकायचेच असेल तर पुन्हा शेपटाला जावे लागते.

व्यापाऱ्यांचा घोळका माझ्यापाशी आला. समितीच्या माणसाने सीटवरची पाटी पाहिली आणि विचारले, हा माल कुणाचा? सगळे हसले. घोळक्यात चिमाजी शेठ होते, मोठे व्यापारी आणि थट्टेखोर. त्यांनी पाटीतला एक कांदा उचलला, दाबला, परत ठेवला आणि म्हणाले, कांदा राहू द्या, गाडीच बोला. त्यांनी एक आकडा टाकला. दुसऱ्याने गंमत म्हणून वाढवला. तिसऱ्याने वाढवला. हळूहळू हसणे कमी झाले आणि आकडा चढत राहिला. शेठच्या पुतण्याला अशा गाडीची हौस होती, त्यामुळे शेठ आता मनापासून बोलत होते. शेवटची बोली त्यांचीच. नाशिकचे गिऱ्हाईक देणार होते त्यापेक्षा ती जास्त होती.

सगळे आबांकडे बघू लागले. त्यांनी नुसते दिली म्हणायचा अवकाश, की मी शेठबरोबर जाणार होते. तेवढ्यात आपला ट्रॅक्टरही चाक बदलून फाटकातून आत येत होता. सौदा होऊन मी बाजूला झाले की माझ्या जागी तो लागला असता. आबांना हवे ते सगळे एका शब्दात होणार होते. माझी तर आशाच सुटली.

आबा पाटीतले कांदे नुसते खालीवर करत राहिले. तेव्हा शेठने माझ्या दारावर बोटाने टकटक केली. अगदी तशीच, जशी आबांनी पहिल्या दिवशी केली होती.

"काय विचार करता सावळीराम?" शेठ म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना, प्लास्टिकची बादली आहे म्हणून. पोराने पैसे पाण्यात घातले, ते मी काढून देतो."

पुढचे मी जन्मभर विसरणार नाही. आबांनी कांद्याची पाटी उचलून खाली ठेवली. धोतराचा सोगा खोचला. माझे दार उघडले. आधी एक पाय आत घातला, मग डोके, मग दुसरा पाय बाहेरच राहिला तो हाताने उचलून आत घेतला. गुडघे कुरकुरले. आणि सावळीराम आबा माझ्यात बसले.

"द्यायची नाय," ते म्हणाले.

समितीच्या माणसाला वाटले अजून थट्टाच चालली आहे. तो म्हणाला, आबा, नाही म्हटलं की रीत तीच, रांगेतून बाहेर. आबा रीत मोडणारे नव्हते. ट्रॅक्टरवरून उडी मारून रंगनाथ धावत आला, तेव्हा ते त्याला एवढेच म्हणाले, की काढ गाडी. रंगनाथ म्हणाला, अहो आबा, आपली जागा जाईल. आबा म्हणाले, जाऊ दे.

सकाळपासून धरलेली जागा आबांनी माझ्यासाठी सोडली. ट्रॅक्टर एका ओळखीच्या हमालाने शेपटाला नेऊन लावला. रंगनाथने किल्ली फिरवली आणि विचारले, कुठे जायचे? आबांनी समोर बघत सांगितले, की कुठं बी, पण जोरात.

विंचूरच्या रस्त्याला लागल्यावर फेटा उडायला लागला. आबांनी तो एका हाताने धरला, मग दोन्ही हातांनी धरला, आणि मग सरळ काढून मांडीवर ठेवला. भर रस्त्यात, भर दिवसा, त्यांचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. रंगनाथ त्यांच्याकडे बघत नव्हता, कारण त्याला रडू येत होते. नाव अर्थात त्याने कांद्याच्या वासाचे घेतले. त्या दिवशी मी जशी पळाले तशी पुन्हा कधी पळाले नाही.

परतल्यावर आबांना बाहेर काढायला दोन हमाल लागले. एकाने हात ओढले, दुसऱ्याने पाठीला रेटा दिला, आणि आबा स्वतः एवढे हसत होते की त्यांच्या अंगात जोरच राहिला नाही. कांदा विकायला संध्याकाळ झाली. घरी गेल्यावर कुसाबाईला सगळे कळले, तेव्हा ती म्हणाली, "बसले एकदाचे. मला वाटलं, ह्यांच्या हट्टाआधी बादलीच थकती का काय."

नाशिकला जायचे राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी आबांनी चाळीच्या टोकाला बांबू ठोकून माझ्यासाठी वेगळा आडोसा केला. दर रविवारची चक्कर आता तिघांची झाली, म्हणजे ते दोघे आणि मी.

तर मित्रांनो, मघाशी मेळाव्यातला एक तरुण आमच्याकडे आला. रंगनाथ चहा आणायला गेला होता. तरुणाने माझ्यात बसलेल्या आबांना विचारले, की बोली एवढी चांगली होती म्हणतात, मग गाडी का नाही दिली? तुम्ही तर तिला बादली म्हणत होता.

आबांनी फेटा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "आपली बादली आपुन म्हनावी. दुसऱ्यानं म्हनली का मग ती बादली राहत नाय."

तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. माझ्यासारख्या जुन्या गाड्या पुसा, त्यांना रविवारी फिरवून आणा, उन्हात तापत ठेवू नका. आणि शेजारची सीट रिकामी नेऊ नका. घरातले कुणीतरी नाही नाही म्हणत असेल, त्यालाच पुन्हा एकदा विचारा. मला जवळून बघायचे असेल तर खुशाल या, टकटक करा, मला राग येत नाही. फक्त दार जरा सावकाश उघडा. आबा अजून आतच बसले आहेत, आणि त्यांना उतरायची घाई नाही.