अडलेलं गिऱ्हाईक

मास्तरीणबाईंचा जन्म शेजारच्या सीटवर गेला होता. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. छोटीशी पांढरी गाडी, टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी, स्टिअरिंगवर घामाघूम झालेलं कुणीतरी आणि शेजारी बाई. त्यांच्या पायाशी ब्रेक आणि क्लचची दुसरी जोडी होती. त्या जोडीने आजवर किती कुत्री, सायकलवाले आणि विजेचे खांब वाचवले याची गणतीच नव्हती. गेली वीस वर्षं बाई रोज गाडीत बसत होत्या, पण गाडी चालवत होते ते दुसरेच. संध्याकाळी घरी आल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. मग कुठे जायचं असलं की नवरा चालवायचा आणि बाई पुन्हा शेजारीच. नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांनी घरच्या गाडीतल्या पायपुसण्याला टाचेएवढं भोक पाडलं होतं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस गोड, पण उंची अशी की गल्लीत त्यांना सगळे ‘मनोरा’ म्हणत. स्वतःच्याच दुकानाची पाटी त्यांच्या कपाळाला आठवड्यातून दोनदा तरी लागायची. या मनोऱ्याला तरुणपणापासून एक वेड होतं. जुन्या काळची, दोनच सीटची, छप्पर उघडणारी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. दुकानाच्या काउंटरवर काचेखाली तिचं चित्र होतं. गिऱ्हाईक फ्रेम निवडत असताना मनोरा चित्राकडे बघत बसायचे. आधी घर झालं, मग मुलीचं शिक्षण झालं, मग मुलीला परगावी नोकरी लागली, आणि त्या रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “आता मी ती गाडी घेणार.”

“घ्या की,” बाई म्हणाल्या. “पण बघायला मी बरोबर येणार.”

मनोऱ्याला आनंद झाला. बायको कशासाठी येतेय हे त्यांना कळलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही. इतरांना वेळेवर थांबवणं हाच बाईंचा धंदा होता. नवऱ्याला कसं सोडतील?

पहिल्यांदा दोघं गेली जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे. गुळगुळीत फरशी, भिंतभर आरसे आणि मधोमध लालभडक गाडी, नुकतीच आंघोळ घालून बसवल्यासारखी. डीलरच्या बोलण्यात साखर इतकी की मुंग्या लागाव्यात.

“साहेब, एकाच हातात वापरलेली गाडी आहे. मालकीणबाई फक्त रविवारी काढायच्या. तीही ऊन असेल तरच.”

बाईंनी वाकून आत पाहिलं. पायाखालच्या पॅडलची रबरं आंघोळीच्या साबणाच्या उरल्यासुरल्या तुकड्यासारखी झिजली होती.

“रविवारी कुठवर जायच्या हो मालकीणबाई?” त्यांनी विचारलं. “समुद्रापलीकडे?”

डीलर मोठ्यांदा हसला आणि उत्तर द्यायचं विसरला. एवढ्यात मनोऱ्याने खिशातून फ्रिजवरचं बदक काढलं. बदकाच्या पोटात लोहचुंबक होता. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते रुमालात गुंडाळलेलं होतं. जुनी गाडी घेताना काय काय बघावं हे मनोऱ्याने वर्षानुवर्षं वाचून ठेवलं होतं. बदक बॉनेटला चिकटलं, छान चिकटलं. दाराच्या खालच्या अंगाला लावलं तर घसरलं आणि टप्पकन फरशीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

“इथे पत्राच नाहीये,” मनोरा हळहळून म्हणाले. “गंजून भोक पडलंय. पुट्टी भरून वरून रंग फासलाय.”

“साहेब,” डीलर तितक्याच हळहळीने म्हणाला, “तुमचं बदक बिघडलंय.”

बाहेर आल्यावर दोघं फुटपाथवर उभं राहून पोट धरधरून हसली. बाईंना वाटलं, चला, हौस फिटली. पण नवरा कसला ऐकतोय! पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचून दाखवली. ‘जुनी दोन सीटची गाडी विकणे आहे. धावते. सकाळी खोकते. येण्याआधी फोन करावा.’

“ही भाषा खोटं बोलणाऱ्या माणसाची नाही,” मनोरा म्हणाले.

जाहिरात दिली होती जनावरांच्या एका डॉक्टरांनी. गावाबाहेर दवाखाना, दवाखान्यामागे गॅरेज. डॉक्टर बुटके, जाडजूड, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेले. दोन्ही गुडघे इतके धरले होते की चालताना ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झुलायचे. त्यांनी गॅरेजचं दार उघडलं आणि मनोरा वाकून आत शिरले. गडद हिरवी गाडी होती. जमिनीला पोट लावून, लांब नाक पुढे करून बसलेली.

“वय आपल्याच जवळपास,” मनोऱ्याने बदक बाहेर काढलेलं बघून डॉक्टर बॉनेटवर थाप मारत म्हणाले. “सकाळी खोकते, तिकडे लक्ष द्यायचं नाही. तेल गळतं, थोडंसंच. गळायचं थांबलं की समजायचं, संपलंय. डाव्या मागच्या मडगार्डला तुमचं ते बदक चिकटणार नाही, मीच फाटकाला घासली होती. बाकी तब्येत ठणठणीत. माझे गुडघेच खाली बसू देत नाहीत, नाहीतर विकली नसती.”

बदकाने सगळीकडे फिरून डॉक्टरांच्या शब्दाची शहानिशा केली. बाईंनी खाली, वर, आत पाहिलं. बोट ठेवायला जागा सापडेना. आता काय कारण काढावं, या विचारात त्या असतानाच मनोऱ्याने दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत पाऊल टाकलं.

एक पाय गेला. मग बूड गेलं. दुसरा पाय घ्यायला त्यांनी गुडघा हनुवटीपर्यंत आणला, जोर केला, काहीतरी ‘खट्’ झालं आणि तोही आत गेला. पण आता एक गुडघा स्टिअरिंगच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि स्टिअरिंग थेट पोटात. उजवा बूट ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीवर एकदम. खांदे कानाला लागलेले.

“कसं वाटतंय?” बाईंनी विचारलं.

“छान,” मनोरा बारीक आवाजात म्हणाले. “फक्त हलता येत नाहीये.”

“मग या बाहेर.”

“तेच म्हणतोय मी. हलता येत नाहीये.”

बाईंनी हात धरून ओढलं. मनोरा ढिम्म. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, पण इथे मोत्यात नाकच अडकलं होतं. डॉक्टर मात्र जराही गोंधळले नाहीत. त्यांनी कमरेवर हात ठेवून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहणी केली, आणि बाह्या आणखी वर सारल्या.

“आडवं आलंय,” ते म्हणाले. “घाबरू नका. वासरं यापेक्षा वाईट अडतात. बाई, तुम्ही डोकं सांभाळा. साहेब, अंग सैल सोडा. आधी हा खांदा... असा. आता श्वास सोडा. सगळा सोडा. आणि मी म्हटलं की ढकला!”

“काय ढकलू?”

“स्वतःला!”

डॉक्टरांनी काखेत हात घालून असा काही पीळ देऊन हिसका मारला, की मनोरा सळ्ळकन बाहेर येऊन गॅरेजच्या जमिनीवर पसरले. एक बूट आतच राहिला.

डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला. “अभिनंदन,” ते बाईंना म्हणाले. “मुलगा झाला.”

बाईंना हसू आवरेना. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मनोराही हसले. मग त्यांनी आत हात घालून बूट काढला, झटकला आणि म्हणाले, “चला, बरंच झालं. खर्च वाचला.”

बाईंचं हसू तिथेच थांबलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दुकानात एखाद्या म्हातारीचा नंबर फार वाढला की मनोरा याच आवाजात म्हणायचे, ‘काही नाही आजी, काच जरा जाड होईल इतकंच.’ मनासारखं झालं होतं. गाडी येणार नव्हती, भांडावंही लागलं नव्हतं. पण हातात बूट धरून उभा असलेला तो एवढा मोठा माणूस बघून गाडीचं दार लावायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

“आलाच आहात तर चालवून तरी बघा,” डॉक्टर म्हणाले. “बाई, तुम्ही बसा.”

“मी? छे हो. मी फक्त शिकवते.”

“म्हणजे येत असेल, असं धरून चालू का?”

आता मात्र बाईंचा अहंकार जागा झाला. त्या पदर-पर्स सावरून आत बसल्या, आणि चकित झाल्या. शिंप्याने माप घेऊन बेतलेल्या कपड्यासारखी ती सीट अंगाला बसली होती. पाय पॅडलपर्यंत नीट, हात स्टिअरिंगवर नीट. डॉक्टरांनी पाना आणून शेजारच्या सीटचा अडसर काढला, सीट पार मागे सारली. तिकडे ना स्टिअरिंग, ना पॅडल. मनोऱ्याने आपले पाय त्या लांब नाकात सोडून दिले आणि ते चक्क मावले. डोकं तेवढं काचेच्या वर, उघड्यावर राहिलं.

गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा खाकरली आणि घुमू लागली.

“आरसा पाहिला. इंडिकेटर दिला. मागे कोणी नाही,” बाई मोठ्याने म्हणाल्या. सवयच ती. फाटकाबाहेर पडून त्यांनी गाडी कालव्याकाठच्या रस्त्याला घातली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. रस्ता मोकळा होता. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरसर मागे पळत होत्या. पहिलं वळण त्यांनी शिकवणीतल्यासारखं घेतलं, दुसरं जरा कमी शिकवणीतलं. तिसऱ्या वळणाला गाडी त्यांच्या मनात यायच्या आतच वळली. शेजारी कोणी चुकत नव्हतं. कोणाला ओरडायचं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा पाय थांबवायला नव्हे, पळवायला ठेवलेला होता, आणि त्यांनी तो दाबला.

“अगं!” वरून आवाज आला. “अगं, जरा हळू!”

खाली धपधप आवाज येत होता. बाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. मनोरा दोन्ही पायांनी गाडीचा तळ बडवत होते.

“अहो, तिथे ब्रेक नाहीये!”

“माहितीये! पण पाय ऐकत नाहीत!”

“आता कळलं?” बाई वाऱ्यात ओरडल्या.

मनोऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एक चिलट गिळलं. ते ठसकले, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हात वर केले. कालव्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना वाटलं, आपल्यालाच केले. त्यांनीही हात केले.

परत आले तेव्हा डॉक्टर फाटकात उभे होते. “मला वाटलं, पळवूनच नेलीत.”

बाई उतरल्या नाहीत. हात स्टिअरिंगवरच होते. “घ्यायची का हो?” त्यांनी नवऱ्याकडे न बघता विचारलं. “स्वप्न तुमचं. आणि चालवणार मी. बरं दिसेल का ते?”

मनोऱ्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्यांनी विस्कटलेले केस मागे सारले. “स्वप्नात मीच चालवत होतो खरा,” ते म्हणाले. “पण स्वप्नात मला माझे गुडघे कधी दिसले नाहीत. आणि एक सांगू? तुझा चेहरा असा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.”

“लग्नात तुम्ही चौकटीवर डोकं आपटून घेतलं होतं. काय दिसणार?”

सवयीने बाई घासाघीस करायला गेल्या, पण डॉक्टर म्हणाले, “भाव मी ठरवलाय, अट एकच आहे. हिला बांधून ठेवायची नाही. रोज नाही तर नाही, पण फिरवायची.” किल्ली देताना त्यांनी हिरव्या पाठीवरून हात फिरवला आणि कोणाला तरी बघायचंय म्हणून झुलत झुलत आत निघून गेले. दवाखान्यात तेव्हा कोणीच पेशंट नव्हता.

तेव्हापासून रविवार सकाळ गाडीची झाली. शेजारचे उठायच्या आत ती खोकायची आणि शेजारचे उठायचे. मनोऱ्याने दुकानात बसून वाऱ्याचे दोन गॉगल बनवले, बाईंच्या गॉगलला नंबरसकट. रस्ता कुठला घ्यायचा हे ते ठरवत, वेग किती ठेवायचा हे बाई. त्यावरून तंटे होत, पण गाडीत वाऱ्यामुळे निम्मं ऐकूच येत नसे, म्हणून संसाराला ते फार मानवलं.

दिवाणखान्यातल्या फोनवर मुलीचा तर विश्वासच बसेना. “आई? आणि वेगात?” सुट्टीला आली तीच धावत फाटकाशी उभ्या गाडीकडे गेली. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने विचारलं, “मी कुठे बसू?”

सीटा दोनच. मनोऱ्याने मोठ्या मनाने गॉगल काढून लेकीच्या हातात दिला. मायलेकी भुर्रकन निघून गेल्या. मनोरा आधी पायरीवर बसले, मग फाटकाशी उभे राहिले, मग रस्त्याच्या कडेला. कोपऱ्यावर हिरवं नाक दिसलं तसे ते जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“उतर,” ते लेकीला म्हणाले. “माझा नंबर.”