धाकट्या स्टेशनावरची खिडकी

भागीरथीबाईंच्या घरात एक रीत होती. नात्यातलं कुणी बेंगळूरवरून पुढे जाणार असलं, मग ते घरी उतरो न उतरो, त्याला उपाशी पुढे जाऊ द्यायचं नाही. डबा करायचा, स्टेशन गाठायचं आणि खिडकीच्या गजांतून आत द्यायचा. त्याच गजांतून हात घालून म्हाताऱ्यांचे पाय शिवायचे, लेकरांचे गाल ओढायचे, आणि गाडी हलली की तिच्याबरोबर चार पावलं चालायचं. सासऱ्यांनी हे केलं, मग गुंडूरावांनी जन्मभर केलं. गुंडूरावांचा तर त्यात असा हात बसला होता की गाडी थांबायच्या आत डबा आत आणि चौकशा सुरू.

हे सगळं धाकट्या स्टेशनावर. शहरात मोठं स्टेशन आहेच, सगळं जग तिथंच चढतं-उतरतं. पण या घराला ते कधी मानवलं नाही. धाकटं स्टेशन शहराच्या पोटात, आजूबाजूच्या उंच इमारतींना दिसतसुद्धा नसेल एवढं. दोन फलाट, एक पूल, एक चहावाला आणि एक गुलमोहर. गाड्या तिथं थांबतात, पण थांबल्यासारखं करून निघतात. तरी गुंडूराव म्हणायचे, "मोठ्या स्टेशनात माणूस हरवतं, धाकट्यात सापडतं."

गुंडूराव गेले आणि भागीरथीबाईंच्या गुडघ्यांनीही संप केला, तशी रीत हळूहळू मोडली. लोकही आता विमानानं वरच्यावर जात. वरून जाणाऱ्याला कोण डबा देणार?

आणि परवा धारवाडहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे कृष्णाबाई, भागीरथीबाईंची थोरली बहीण. दोघींची तोंडभेट होऊन बरीच वर्षं झाली होती. हिचे गुडघे आणि तिचे डोळे, दोघी आपापल्या जागी रुतल्या होत्या.

"भागी, ऐक," अक्का म्हणाली. "काचबिंदूनं कडेकडेचं सगळं खाल्लंय. मधलं तेवढं उरलंय. नळीतून बघावं तसं दिसतंय मला. माझा श्रीरंग चेन्नईला नेतोय, आता तिथंच ठेवून घेणार म्हणतोय. ऑपरेशन करतील, पण गेलेलं काही यायचं नाही. उरलेलं टिकलं तरी देव पावला म्हणायचं."

"असं काय बोलतेस गं अक्का!"

"आहे ते बोलतेय. दिसतंय तोवर तुझं तोंड एकदा बघू दे, एवढंच. गाडी तुमच्या गावावरूनच जाते. उतरायला होणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरकडे जायचंय. तू स्टेशनावर ये. आणि बरोबर माझ्या समोर उभी राहा बघ. जरा कडेला राहिलीस तर मला दिसायची नाहीस. ती पोपटी साडी नेस, तुझ्या प्रवीणच्या लग्नात मी दिलेली. हुडकायला सोपं."

आता कुणी म्हणेल, फोनवर दिसतं की हल्ली तोंड. दिसतं. पण भागीरथीबाई फोन अशा धरत की पलीकडे निम्मं कपाळ आणि घरचा पंखा तेवढा दिसे. आणि अक्काला त्या बोटभर चित्रातलं काही उमगत नसे. मागच्या दिवाळीत ती बराच वेळ पंख्यालाच आशीर्वाद देत होती.

सून पवित्रानं ऐकलं आणि लगेच आपला फोन उघडला. ती सर्जापूर रोडच्या कंपनीत कामाला, तिचं सगळं फोनमध्ये.

"आई, मोठ्या स्टेशनात ही गाडी चांगली वीस मिनिटं थांबते. धाकट्यात दोन. आपण तिकडेच जाऊ या ना."

"तिथं फलाट किती, माणसं किती! तुझ्या सासऱ्यांनी कधी तिथं डबा दिला नाही."

"मामंजींचे गुडघे चांगले होते."

"गुडघे माझे आहेत, मला ठाऊक. धाकट्यात गाडी एक नंबरवर लागते. रिक्षातून उतरलं की फलाट. पूल नको, काही नको. सरी?"

पवित्रानं सासूच्या तोंडाकडे बघितलं. "सरी, ठीक," म्हणाली आणि रजा टाकली.

प्रवीणकुमारची बोम्मसंद्राच्या कारखान्यात पहिली पाळी. जाताना तो बायकोला म्हणाला, "आईला पळू देऊ नकोस." पवित्रा म्हणाली, "त्यांना आजवर कुणी अडवू शकलंय का?"

सकाळी भागीरथीबाईंनी मेथीच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर खोबऱ्याच्या वड्या. पोपटी साडी नेसून झाली, पदर लागला, आणि सगळ्यात शेवटी फिल्टरची कॉफी थर्मासमध्ये ओतताना भांडं कललं. कॉफी सगळी निऱ्यांवर.

"अय्यो!" पवित्रा धावली. "भाजलं का?"

"मला काय भाजतंय! साडी बघ."

पाणी मारून डाग आणखी पसरला. रिक्षा खाली येऊन उभी राहिली. हाताला लागली ती साडी भागीरथीबाईंनी गुंडाळली, कांद्याच्या सालीच्या रंगाची, रोजची. कॉफी पुन्हा केली, कारण कॉफीशिवाय अक्काला भेटायचं म्हणजे रिकाम्या हातानं देवळात जाणं.

"पोपटी नाही म्हणून फोन करून सांगू का?" पवित्रानं रिक्षात विचारलं.

"कशाला? समोर उभी राहिल्यावर मला ओळखणार नाही की काय."

एक नंबरचा फलाट अगदी तसाच होता. गुलमोहराखालच्या बाकावर दोघी बसल्या. भागीरथीबाईंनी डबा मांडीवर घेतला आणि जिथं गुंडूराव उभे राहत ती जागा सुनेला दाखवली.

"इथं. गाडी इथं थांबली की खिडकी छातीशी येते."

"श्रीरंगभावजींचा मेसेज आलाय. बी टू डबा. एसी."

"बरं झालं बाई. अक्काला उकाडा सोसत नाही."

श्रीरंगानं कळवलं होतं की आईला दारात घेऊन उभा राहतो. तेव्हा पवित्राच्या डोक्यात दार होतं. भागीरथीबाईंच्या डोक्यात खिडकी होती. आपण वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघतोय हे दोघींपैकी एकीलाही कळलं नाही.

मग घोषणा झाली. कन्नडमधून झाली, हिंदीतून झाली, इंग्रजीतून झाली, आणि तिन्हीत एकच सांगितलं, की ही गाडी आज दोन नंबरवर येईल.

फलाटावरची माणसं पाखरांसारखी उठली. बॅगांची चाकं खडखडली. भागीरथीबाई बसूनच होत्या.

"आपली नसेल ती," त्या म्हणाल्या.

"आपलीच आई. लिफ्ट बघते." पवित्रा धावत गेली तशीच परत आली. लिफ्टच्या दारावर पाटी होती आणि पाटीवर धूळ होती. "बंद आहे. तुम्ही इथंच बसा, मी पळत जाऊन डबा देऊन येते."

"अक्का काय डबा बघायला येतेय?"

पवित्रानं डबा आणि थर्मास एका हातात घेतला, दुसरा हात सासूच्या कमरेत घातला.

पूल खालून बघताना काही मोठा नव्हता. भागीरथीबाईंनी कठडा धरला. एक पाय वर, मग दुसरा त्याच्याशेजारी, लहान मूल चढतं तसं. मागून येणारे "स्वल्प साइड, अम्मा" म्हणत बाजूनं जात होते, कुणी रागानं नाही. सगळ्यांना तीच गाडी धरायची होती. एका गृहस्थानं जाता जाता त्यांच्या कोपराला आधार दिला, चार पायऱ्या दिला, मग त्यालाही आपली बायको आणि बॅग दिसली.

मध्यावर पोचल्या तेव्हा रूळ थरथरले.

"आई, थांबू नका."

"मी कुठं थांबलेय? गुडघा थांबलाय."

पुलाखालून इंजिन गेलं. एकेक डबा पायांखालून सरकत गेला आणि भागीरथीबाईंना वाटलं, यातल्याच एका टपाखाली अक्का आहे, आत्ता, माझ्या पायाखाली. उतरताना त्यांनी दुखणं बघितलंच नाही. दुखत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं.

बी टू डबा पुलापासून जवळच लागला होता, एवढी एक गोष्ट मनासारखी झाली. पण दारात माणसांचा बोळा बसला होता. चढणाऱ्यांच्या बॅगा उतरणाऱ्यांच्या पायात, कुणाचं तरी बाळ डोक्यांवरून आत चाललेलं. पवित्रा दारात घुसू पाहत होती. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो तसाच सासूच्या कानाला लावला.

"मावशी!" श्रीरंगाचा आवाज. "आईला दारापर्यंत आणताच येईना. वाटेत सगळं सामान. ती घाबरली, तिला वाटेतलं काही दिसत नाही. मी तिला खिडकीशीच बसवलंय. तुम्ही खिडकीशी या!"

"कुठली खिडकी रे?"

"फलाटाकडची! मधली! आई, तिकडे बघ, तिकडे..." आणि नुसता गलका.

भागीरथीबाई वळल्या आणि तेव्हा त्यांना खिडकी दिसली.

गज नव्हते. उघडायला काही नव्हतंच. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट काच, विहिरीच्या पाण्यासारखी. आत माणसं आहेत की नाहीत तेही कळेना. मधली खिडकी कुठली? त्यांनी एका काचेवर हाताचा तळवा मारला. "अक्का!" पुढच्या काचेवर मारला. "अक्का, मी गं, भागी!" बरोबर समोर उभं राहायचं होतं. कशाच्या समोर?

तिसऱ्या काचेत अक्का दिसली.

तेच आईचं नाक, तेच पांढरे केस कपाळावर चिकटलेले, तोंड रडवेलं. भागीरथीबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी हात हलवला, अक्कानंही हलवला. त्या हसल्या, तीही हसली. मग त्यांना अक्काच्या खांद्यामागे पुलाच्या पायऱ्या दिसल्या, आणि तिच्या अंगावर कांद्याच्या सालीच्या रंगाची साडी.

गाडी हलली.

काच त्यांच्या हाताखालून निघून गेली. रीतीप्रमाणे चार पावलं चालायचं असतं, त्या दोनच चालल्या. पवित्रा डबा छातीशी धरून दाराकडून परत आली. तिच्या केसांतली क्लिप कुठंतरी पडली होती.

"आई, पुढच्या स्टेशनावर, के. आर. पुरमला गाठू या का? रिक्षा करून?"

"पुलावरून परत जायचं, रिक्षा शोधायची, त्या ट्रॅफिकमधून आगगाडी गाठायची?" भागीरथीबाई म्हणाल्या. रागावून नाही. हिशेब मांडावा तसं.

दोन नंबरवरचा बाक उन्हात होता. दोघी त्यावर बसल्या. फलाट रिकामा झाला होता.

"मी तुमचं ऐकायला नको होतं," पवित्रा म्हणाली. "मोठ्या स्टेशनात वीस मिनिटं होती. आत जाऊन बसला असता तुम्ही त्यांच्याजवळ."

"तू कुठं ऐकलंस? मी ऐकवलं." भागीरथीबाईंनी हाताचा तळवा बघितला. काचेची काळी धूळ लागली होती. त्यांनी ती पुसली नाही. "तुझे सासरे असते तर त्यांनाही सुचलं नसतं. त्यांना वाटायचं, खिडकी म्हटली की उघडतेच."

फोन वाजला. पवित्रानं आवाज मोठा केला आणि मध्ये धरला.

"भागी?" मागे गाडीचा खडखडाट. "भागी, दिसलीस गं!"

भागीरथीबाई ताठ झाल्या. "दिसले?"

"अगदी समोर! म्हटलं होतं तशी बरोबर समोर उभी राहिलीस. डोळे भरून बघितलं बाई. जरा वाळलीयस. पण पोपटी साडी कशी खुलून दिसत होती!"

पवित्रानं सासूच्या साडीकडे बघितलं आणि तिचं तोंड उघडलं. भागीरथीबाईंनी तिचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल एवढं.

"तूच दिलेली ना," त्या म्हणाल्या. "म्हणून नेसले."

"आणि मी? मी दिसले का तुला?"

भागीरथीबाई फोनवर वाकल्या.

"दिसलीस की," भागीरथीबाई म्हणाल्या. "मी हात हलवला, तूही हलवलास. नाक अगदी आईचं झालंय गं तुझं."

"हो?" अक्का म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. दोघींचं काम झालं."

"झालं."

"डबा राहिला."

"राहिला. मेथीच्या दशम्या होत्या."

"तू खा. माझ्या नावानं खा." एवढ्यात रेंज गेली की अक्कानं फोन ठेवला, ते कळलं नाही.

पवित्रानं थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि सासूच्या हातात दिली. भागीरथीबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. वाफ तोंडावर येत होती, म्हणून डोळ्यांचं काही कळत नव्हतं.

"पुढच्या महिन्यात आपण चेन्नईला जाऊ, आई. मी रजा टाकते."

"जाऊ," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन होऊ दे तिचं." तोवर काय काय उरेल, हे दोघींनी मनातल्या मनात ठेवलं.

वर भोंग्यातून बाई पुन्हा बोलू लागली. पुढची गाडी एक नंबरच्या फलाटावर येत होती.

"ऐकलंस?" भागीरथीबाई म्हणाल्या. "आता एक नंबर."

पवित्राला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिनं डबा पिशवीत घातला. समोर पूल होता. घरी जायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

"स्वल्प बसू या?" तिनं विचारलं.

"बसू," भागीरथीबाई म्हणाल्या, आणि गाडी गेली त्या बाजूला तोंड करून बसल्या.