फाटकापाशी उभी असलेली पहार

मित्रांनो, वाळवंटाकाठच्या आमच्या द्रा खोऱ्यात खजुराच्या एका बागेच्या फाटकापाशी चूल कायम पेटलेली असते. तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली काळवंडलेली, रुंद तोंडाची जुनी पहार म्हणजे मी.

मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने मला घडवले आणि हम्मूबाबांच्या हाती दिले. खजुराच्या बुंध्याशी मुनवे, म्हणजे पिल्लरोपे, फुटतात. मुनव्याचे मूळ तुटू न देता आणि आईझाडाला जखम न करता त्याला सोडवणे मोठे नाजूक काम असते. हम्मूबाबा गुडघ्यांवर बसून माती उकरत, माझे तोंड सांध्यावर टेकवत, ‘बिस्मिल्ला’ म्हणत आणि एकच घाव घालत. त्यांनी सोडवलेला मुनवा सहसा मरत नसे. गावोगावची बोलावणी येत. मला त्याचा फार गर्व होता.

मग हम्मूबाबांच्या बागेत पांढरी नावाचा रोग आला. एखाद्या झावळीची एक बाजू पांढरी पडे, मग दुसरी, मग शेजारची झावळी, आणि वर्ष-दोन वर्षांत सबंध झाड वाळून जाई. संशोधन केंद्रातून ज़ुहूर नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या माझ्याच तोंडाने मुळांचे तुकडे काढत, पण प्रत्येक झाडानंतर मला धुऊन जाळावर धरत.

“काय डॉक्टरीणबाई, माझी पहार भाजून खायचा विचार आहे का?” हम्मूबाबा हसले.

“काका, रोग मातीत असतो आणि माती हिला चिकटते,” त्या म्हणाल्या. “झाड वरून हिरवंगार दिसलं तरी आत रोग असू शकतो. तपासणी होईपर्यंत इथला एकही मुनवा बाहेर जाऊ देऊ नका. तीन आठवडे लागतील.”

पण दहा दिवसांवर इत्तोचे लग्न होते. इत्तो ही हम्मूबाबांची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप एक खजूर लावतो आणि तिच्या लग्नात त्याच झाडाचा मुनवा सासरच्या बागेत स्वतः रोवून येतो. रिकाम्या हाताने लेक पाठवणारा बाप आमच्या खोऱ्यात कोणी पाहिलेला नाही.

“माझ्या पोरीच्या झाडाचं एक पान तरी पांढरं आहे का?” असे स्वतःशीच पुटपुटत त्यांनी मला उचलले. मला कोणी धुतले नाही, जाळावर धरले नाही. तसाच घाव बसला. तो मुनवा ओल्या गोणपाटात गुंडाळून इत्तोच्या सासरी गेला, आणि तो रोवायचा खड्डाही मीच खणला.

लग्नानंतर आठवड्याने ज़ुहूरबाई धापा टाकत आल्या. “काका, इत्तोच्या झाडाच्या मुळात पांढरी सापडली. त्याचा मुनवा कुठे गेला नाही ना?”

हम्मूबाबा माझ्याकडे बघत राहिले. लेकीला सासरी जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. सासरचे तिच्या पायगुणाला नावे ठेवतील, ही एकच भीती त्यांच्या मनात होती.

“नाही,” ते म्हणाले.

त्या वेळी तो मुनवा उपटला असता तर एका खड्ड्यावर निभावले असते. तीन वर्षांनी इत्तोच्या सासरची चाळीस झाडे पांढरी पडली. एके दिवशी ती माहेरी आली आणि अंगणातच उभी राहिली.

“बाबा, माझ्या झाडात रोग होता हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं, पोरी.”

“सासू म्हणते, ही आली आणि बाग गेली. आणि मी वेडी, तीन वर्षं माझ्याच पायांना दोष देत बसले!”

तिने चहासुद्धा घेतला नाही. कोपऱ्यातून मला उचलले आणि निघाली. सासरच्या बागेत रोवलेले ते माहेरचे झाड तिने आपल्या हाताने उपटून जाळले. मग ज़ुहूरबाईंच्या सांगण्यावरून सासरच्यांनी आजारी भागाभोवती खोल चर खणला. आतली झाडे गेली, पण बाहेरची वाचली. त्या मेलेल्यांमध्ये एकच झाड हिरवे राहिले होते. त्याचा खजूर इतका तुरट, की तो शेळ्यांनाच घालत. पण रोगाला तेच पुरून उरले, म्हणून ज़ुहूरबाईंनी त्याचीच रोपे केंद्रात वाढवून पारखायला घेतली आहेत.

तेव्हापासून सासरच्या या बागेच्या फाटकाची राखण इत्तोकडे आहे. रोज मला जाळावर धरून धरून माझी धार मऊ पडली, पण माझी तक्रार नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, “कुठून आलात?”

अनेक वर्षे हम्मूबाबा इकडे फिरकले नाहीत. परवा ते आले. पाठ वाकली होती, हात रिकामे होते. इत्तोने त्यांनाही तेच विचारले.

“कुठून आलात?”

“आजारी बागेतून, पोरी,” हम्मूबाबा म्हणाले. “पायांना तिथली माती आहे.”

इत्तोने पाण्याची बादली पुढे सरकवली. मग खाली बसून स्वतःच त्यांचे पाय धुऊ लागली.

मित्रांनो, मला धुवायला विसरू नका, जाळावर धरायला कंटाळू नका. पण चूक होऊन गेलीच, तर त्याच दिवशी सांगा. हम्मूबाबांना ‘आजारी बागेतून’ एवढे आपल्या तोंडाने म्हणायला इतकी वर्षे लागली, आणि तोवर चाळीस झाडे गेली होती.