चंद्रभानचा बायकाट

बाजाराच्या ठेकेदाराला, चंद्रभानला, रोज फुकटची भाजी लागे. म्हाताऱ्या पुंजाराम माळ्याने एकदा नाही म्हटलं, तर चंद्रभानने भर बाजारात त्याची तागडी मोर्णा नदीत भिरकावली. "चोट्ट्या, मापात मारतं कावून?"

माळ्याच्या घरात तागडीला लागलेला डाग म्हणजे कुळाला लागलेला डाग. पुंजाराम घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला, आणि दिवाळी पाहायला उरला नाही. त्याची लेक पार्बताबाई बापाच्याच जागी बसू लागली. चंद्रभान समोरून गेला की तिच्या हातातली मेथी चुरगळून जाई.

त्या साली अकोल्यात विलायती कापडाचा बायकाट गाजत होता. भगवंतराव वकिलांच्या ओट्यावर भाजी उतरवताना तिने विचारलं, "बायकाट मंजे काय जी?"

"अवं, ते माणसाचं आडनाव होय," वकील हसले. "आयर्लंडात एका जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना छळायचा. लोकांनी त्याला बोटही लावलं नाही. फक्त कोणी त्याचं पीक कापेना, कोणी सामान देईना, कोणी बोलेना. शेवटी पळाला बिचारा. पण इंग्रजीत त्याच्या नावाचं क्रियापद होऊन बसलं."

"मंजे माणूस गेला, तरी नाव सुटलं नाही?"

"नाही सुटलं."

पार्बताबाईने जुडी ओट्यावर ठेवली आणि पैसे न मोजताच उठली.

वैशाखात चंद्रभानच्या लेकीचं लग्न निघालं. मुंडावळ्या माळ्याच्या घरूनच यायच्या, हा रिवाज. चंद्रभानला कोणी काही विकू नये, असं सांगत पार्बताबाई माळ्यांच्या घरोघर फिरली. लग्नाच्या दिवशी चंद्रभानकडे ना वांगं, ना झेंडूचं फूल. बार्शीटाकळीला पाठवलेली गाडीही रिकामी परतली. तिथे पार्बताबाईची मावशी होती.

वऱ्हाड वेशीत आलं, तसा चंद्रभान धापा टाकत पार्बताबाईच्या दारात उभा राहिला. "मुंडावळ्या दे. किती पैशे पायजेत?"

"पैशे नोको. बाजारात जा, आन् सांग, पुंजाराम चोर नव्हता."

तो गेला. पागोटं काढून, सगळ्यांदेखत बोलला. पार्बताबाईने मुंडावळ्या पुढे केल्या. "ह्या पोरीसाठी. तिनं काय केलं? तुझा बायकाट मात्र चालूच राहीन."

चालूच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात भावावरून हुज्जत घालणाऱ्या एका दलालावर कौशल्या माळीण कडाडली, "जास्त बोलशील त तुले चंद्रभानून टाकू!"

बाजार खदाखदा हसला. रिकामी पिशवी घेऊन चंद्रभान तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

पार्बताबाईने मान वर केली नाही. वांग्यांवर पाणी शिंपत ती म्हणाली, "पुन्हा म्हण वं, कौशल्या. जरा मोठ्यानं."